पाळण्यांसाठी जागा बघणारे इवाई

माझ्या इवायाइतका सावकाश माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा जन्मला नाही, आणि जन्मला असेलच तर तो अजून रांगत असेल. इवाई म्हणजे आमच्या पोरीचा सासरा. पुस्तकात व्याही लिहितात, आमच्याकडं इवाई म्हणतात, आणि मी चौथी शिकलेला माणूस, जसं म्हणतो तसंच लिहिणार. ते राहतात लातूरला, मी नांदेडला. त्यांची हयात गेली सरकारी खात्यात जमिनी मोजण्यात आणि माझी गेली अर्धापूरच्या केळीचा टेम्पो चालवण्यात. आमच्या दोघांचा सारा स्वभाव यातच आला. जमीन कुठं पळून जात नाही, म्हणून मोजणारा निवांत. केळी मात्र थांबत नाही; गाडी वेळेवर पोचली नाही तर मालक केळीऐवजी ड्रायव्हरला सोलतो. त्यामुळं मला कुठलीही गोष्ट आत्ताच्या आत्ता लागते आणि त्यांना ती पुढच्या उन्हाळ्यात चालते.

त्यांचा एक कायदा आहे. जमीन घ्यायची तर तिन्ही हंगामांत बघावी. उन्हाळ्यात विहिरीचा तळ कळतो, पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं ते कळतं, आणि हिवाळ्यात शेजारी कळतो, कारण तेव्हा आपलं पीक उभं असतं आणि त्याची ढोरं मोकळी असतात. कायदा जमिनीचा, पण इवायांनी तो सगळ्या दुनियेला लावला. चप्पल घेतली की महिनाभर एका पायात नवी आणि एका पायात जुनी घालून फिरणार, म्हणजे फरक कळतो. लातूरच्या स्टँडवर नांदेडची पहिली गाडी सोडणार, दुसरीचे टायर बघणार आणि तिसरीत बसणार. कलिंगडवाले तर त्यांना लांबून बघूनच गाडा वळवतात, असं आमची पोरगी सांगते. पण माणूस असा की त्यानं मोजलेला बांध पुन्हा कधी कोर्टात गेला नाही. दोघं भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी हे मधे साखळी टाकून दुपारपर्यंत मोजत बसायचे, आणि त्यांच्याकडं बघून बघून भावांचा राग पेंगायला लागायचा.

आमची पोरगी बघायला सुद्धा ते तीनदा आले. एकदा वैशाखात, एकदा आखाडात, एकदा संक्रांतीच्या पुढं. तिसऱ्या खेपेला माझी बायको आतून बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पोरगी पावसाळ्यात गळती का काय, ते बघून राहिले जनू." मी तर जागच्या जागी गार झालो. मुलीकडच्यानं असं बोलायचं नसतं. इवाई मात्र कपाळावरच्या विभूतीला घडी पडेपर्यंत हसले. "न्हाई विहीणबाई," ते म्हणाले, "पोरगी पहिल्याच खेपेला पसंत होती. मी घर बघून राहिलो होतो. तुमच्याकडं कुठल्या हंगामात भांडणं होतात ते बघत होतो." लग्न ठरायच्या आधीच त्यांनी तिला विहीणबाई म्हटलं, तीच सुपारी. पुढं या दोघांचं असं काही जमलं की मी आपला चहा आणून देणारा तिसरा.

आता आमच्या हिच्याविषयी सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गल्लीत लेकरू जन्मलं की बाराव्या दिवशी बारशाला पाळणा हीच म्हणायची, आणि दर लेकराला नवा. एकाचा दुसऱ्याला कधी चालवला नाही. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, असं करत बारा दिवसांच्या बारा ओव्या. कुणाच्या पाळण्यात गारा पडल्या, कुणाच्या पाळण्यात तीन दिवस लाईट नव्हती, एकाच्या पाळण्यात आईच्या बरोबरीनं म्हैस सुद्धा व्याली. एका पोरीचा बाप पोरगी झाली म्हणून बायकोकडं फिरकलाच नाही, तर हिनं तेही पाळण्यात घातलं आणि बाया ते गल्लीभर गुणगुणायला लागल्या. तेराव्या दिवशी तो बाप कुंची घेऊन हजर. चाळीस वर्षांतले असे कितीतरी पाळणे, सगळे तिच्या डोक्यात. त्या घरांतल्या बायांना आपापल्या लेकराच्या दोन-चार ओळी आठवायच्या. सगळे तिलाच.

पोरीचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं आमच्याकडं झालं, नात झाली. बारशाला लातूरहून इवाई आले. बारसं बायांचं, पुरुषांनी बाहेर खुर्च्यांवर बसून घुगऱ्यांची वाट बघायची असते. हे दाराआड जाऊन उभे राहिले. हिनं त्यांना बघितलं आणि शेवटची ओवी जागच्या जागी जोडून म्हटली:

बाराव्या दिवशी आजोबा आले,
पाळणा आडवा-उभा मोजून बसले,
बाळीनं त्यांचे बोट धरले,
मोजणी राहिली बाजूला.

बाया लोटपोट. इवायांनी खिशातून डायरी काढली आणि दाराला पाठ टेकून लिहायला लागले. पानं वाढली, आमटी निवली, तरी हे लिहितच. शेवटी जेवायला बसले तेव्हा घास हातात धरून त्यांनी मला विचारलं, याची नोंद कुठं आहे? मी म्हटलं, कशाची? तर म्हणाले, "या सगळ्या पाळण्यांची. ही बिगर सातबाऱ्याची जमीन झाली इवाई. उद्या कुणी म्हणंल, अशी जमीनच नव्हती." मी म्हटलं, भात घ्या.

पण त्यांच्या डोक्यात एकदा गोष्ट शिरली की ती तिथं घर बांधून राहते. त्यांच्या मुलाचा एक जुना लॅपटॉप त्यांच्याकडं होता, आणि त्यावर ब्लॉग नावाची चीज असते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे आपण लिहून ठेवायचं आणि जगात कुठंही बसलेल्या माणसानं ते उघडून वाचायचं. ते दर दुसऱ्या गुरुवारी यायला लागले. ही भाजी निवडत पाळणा सांगायची आणि हे मांडीवर वही घेऊन उतरवायचे. नुसतं उतरवून भागतं तर ते इवाई कसले. दर पाळण्याच्या वर त्या लेकराची चतुःसीमा: पूर्वेस हापसा, पश्चिमेस पिठाची गिरणी, दक्षिणेस बोळ, उत्तरेस मामाचं घर. खाली मजकूर, "सदर पाळणा आमच्या समक्ष म्हटला तो खरा," आणि त्याखाली पंच म्हणून माझी सही. मी म्हटलं, पाळण्याला कुठं पंच लागतो? तर म्हणाले, गल्लीत गणेश चार आहेत, उद्या चौघांत वाद झाला की कुठला पाळणा कुणाचा, तर? आयुष्यात मी टेम्पोच्या चलनावर जेवढ्या सह्या केल्या नसतील तेवढ्या त्या वहीत केल्या. हिला मात्र ते चतुःसीमेचं फार आवडायचं. इवाई त्या सीमा वाचून दाखवायला लागले की ही डोळे मिटून त्या घरापर्यंत चालत जायची.

आता प्रश्न आला जागेचा. वही भरत चालली, पण हे पाळणे नेटवर ठेवायचे कुठं? जागा चार निघाल्या. त्यांची इंग्रजी नावं मला नीट म्हणता येत नाहीत, म्हणून मी माझ्या सोयीची नावं ठेवली आणि पुढं इवाई सुद्धा तीच म्हणायला लागले. पहिली धर्मशाळा. फुकट राहा, झाडलोट त्यांची, दिवाबत्ती त्यांची. पण पाटीवर नाव सुद्धा त्यांचं, आणि मालकाच्या मनात आलं तर उद्या सकाळी म्हणणार, गठुडं उचला. दुसरा स्वतःचा प्लॉट. पत्ता आपल्या नावाचा, भिंतीला रंग आपल्या आवडीचा, कुणाची जाहिरात नाही. पण दरसाल पट्टी भरा, पत्रे गळाले तर आपणच वर चढा, आणि कुलूप ढिलं राहिलं तर चोर शिरून भलतंच काही चिकटवून जातो. तिसरा आठवडी बाजार, म्हणजे ज्याच्यावर सारी गल्ली दिवसभर बोट फिरवते ते. तिथं माणसं बोलवावी लागत नाहीत, सगळी आधीच जमलेली. पण सोमवारी मांडलेला माल मंगळवारी कुठं गेला ते देवाला ठाऊक, वर दुसऱ्यांचे वाढदिवस येऊन पडतात. चौथं घरपोच. लिहिलं की ज्यानं ज्यानं नाव नोंदवलं त्याला टपाल जाऊन पडतं. हे इवायांना लई आवडलं होतं, पण आमच्या गल्लीत ईमेल असलेला माणूस एकच, गिरणीचा मालक, आणि त्याला त्याचा पासवर्ड आठवत नव्हता.

दुसऱ्या कुणीही यातलं एक बोट ठेवून निवडलं असतं. इवायांनी वहीत चार रकाने पाडले: पाणी, वाट, शेजार, वारस. पाणी म्हणजे नेट बारीक असलं तरी जागा उघडते का. त्यासाठी ते वाटेत लोह्याच्या स्टँडवर एसटीतून खाली उतरले, साधा मोबाईल काढून चारी जागा एकेक करून उघडत उभे राहिले, आणि गाडी त्यांची पिशवी घेऊन नांदेडला आली. पिशवी मी उतरवून घेतली, इवाई मागच्या गाडीनं आले, पण चेहऱ्यावर समाधान असं की जसं गावातलं भांडण मिटवून आलेत. वाट म्हणजे कुणी नुसतं पाळणा म्हणून शोधलं तर त्याला आपली जागा सापडते का. शेजार म्हणजे आपल्या मजकुराच्या बाजूला काय येऊन बसतं. धर्मशाळेत पाळण्याच्या शेजारी सारखी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात यायची. त्यावर त्यांनी रकान्यात लिहिलं, "शेजार वाईट नाही, म्हातारा आहे." चौथा रकाना वारसाचा, तो मात्र कोराच राहत होता.

मग लागला तीन हंगामांचा कायदा. चारी जागांत त्यांनी एकेक पाळणा ठेवला, तोही कुलपात, म्हणजे फक्त त्यांनाच दिसावा. बघायला ठेवलाय, दाखवायला नाही, म्हणायचे. हिवाळा बघितला, उन्हाळा लागला. गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की बाईचे पाळणे मोबाईलवर येणार. गिरणीवाला म्हणायचा बाजारात टाका, माणूस तिथंच असतो. मी म्हणायचो टाका कुठंही, पण टाका. इवाई मान हलवून म्हणायचे, बरोबर आहे तुमचं, आणि वहीत आणखी एक ओळ लिहायचे. मला वाटायचं, हा माणूस स्वर्गाच्या दारात सुद्धा देवाला सांगंल, आता नको, पावसाळ्यात येतो.

हसायची गोष्ट तिथवरच होती. चैत्रात हिच्या पायावर सूज आली, आणि डॉक्टरनं सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर न्यायला लागलो. मशीनवरून उतरली की ती पिळून काढलेल्या लुगड्यासारखी व्हायची. तरी गुरुवारी इवाई आले की उशाला टेकून बसायची आणि एक पाळणा सांगायचीच. पण आता मधेच एखादी ओवी हरवायची. ती छताकडं बघत राहायची, इवाई लेखणी वर धरून थांबायचे. ते थांबायला भारी, तास तास थांबतील. पण ओवी यायची नाही. एके दिवशी दवाखान्यातून रिक्षात येताना ती माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "एकदा डोळ्यानं बगितलं असतं, कसं दिसतंय ते. मला वाचता कुठं येतंय, पन दिसलं तर असतं." आयुष्यात तिनं माझ्याकडं सोनं मागितलं नाही की लुगडं मागितलं नाही. मागितलं ते एवढं, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी इवाई आले, जेवायला बसले आणि सांगायला लागले की धर्मशाळा आणि प्लॉट या दोहोंवर आता येऊन ठेपलंय, एकदा पावसाळा बघितला की झालं. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मी म्हणालो, "इवाई, तुमच्या जमिनीला तीन हंगाम असतेत. माझ्या बायकोला न्हाईत."

 ते ताटावरून उठले नाहीत, पण पुढं खाल्लं पण नाही. हात धुतले, वही पिशवीत घातली, आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन तिला नमस्कार केला आणि गेले. संध्याकाळी लातूरहून पोरीचा फोन. बाबा, काय बोललात तुम्ही, मामंजी आल्यापासून कुणाशी बोलून नाही राहिले. पोर रडत होती. मुलीच्या बापानं इवायाला तोंड सोडून बोलायचं, म्हणजे आमच्याकडं काय असतं ते ज्याला मुलगी आहे त्याला सांगायला नको. हिला कळलं तर ती म्हणाली, जे बोललात ते खरं बोललात, पण ताटावर कशापायी बोललात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मशीनवर लावून बाहेर बाकड्यावर बसलो होतो, तर समोरून इवाई. काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. माझ्याशी एक शब्द नाही, सरळ आत. मीही मागोमाग गेलो. तिच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसले, चार्जर लावायला भिंतीतलं एक बटण हेरलं, आणि तिथल्या नर्सला तीनदा विचारून खात्री केली की हे मशीनचं नाही. मग म्हणाले, "विहीणबाई, मला मोजायला येतं. ठरवायला येत न्हाई. नोकरीत सुद्धा मी मोजायचो, ठरवायचे साहेब. आता तुमी ठरवा."

आणि त्यांनी चारी जागा तिला सांगितल्या. मी टेम्पोवाला माणूस, पण कबूल करतो, चार जागांचं बरं-वाईट एवढं सरळ कुणी कुणाला सांगितलं नसेल. कुठल्या जागेची बाजू ओढली नाही, कुठलीला नावं ठेवली नाहीत. शेजारच्या पलंगावरची बाई सुद्धा ऐकायला कुशीवर वळली. हिनं डोळे मिटून ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मी मेल्यावर, तुमी मेल्यावर, यातलं कोनतं ऱ्हाईल?"

इवायांनी वही उघडली. तो कोरा रकाना. त्यावर बोट ठेवून म्हणाले, प्लॉटची पट्टी थकली की जागा जाते. बाजारात राहतं, पण सापडत नाही. टपाल गेलं ते गेलं. धर्मशाळा मालकाच्या मर्जीवर. पण मर्जी आहे तोवर कुणी काही मागत नाही.

"मंग धर्मशाळाच की," ती म्हणाली. "जल्मभर किरायाच्या घरात ऱ्हायलो. मालकानं काढलं का आमाला? आन् काढलंच, तर तुमच्या वहीत हायेच की समदं."

ज्या माणसानं चप्पल महिनाभर तपासली, त्यानं तिथं त्या स्टुलावर बसून एका तासात जागा घेतली. पावसाळा बघितला नाही, पुन्हा विचार केला नाही. पहिला कुठला घालू विचारलं, तर ती म्हणाली म्हशीचा घाला. मला वाटलं होतं नातीचा सांगेल. त्यांनी चतुःसीमेसकट तो उतरवला. अक्षर एक चुकलं नाही. मग कुलूप काढलं आणि लॅपटॉप तिच्याकडं वळवला. तिनं सुई नसलेला हात उचलून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओळीवरून बोट नेत हळूहळू म्हणायला लागली. वाचता येत नव्हतं, तोंडपाठ म्हणत होती. ओवी संपली तेव्हा बोट अजून अर्ध्यातच होतं. "लिवल्यावर एवढं लांब होतंय व्हय," ती म्हणाली. इवाई टॉवेलानं चष्मा पुसत राहिले. त्या दिवशी आम्ही दोघांनी दवाखान्याबाहेर उभं राहून चहा घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, चहात साखर जास्त आहे, आणि विषय संपला.

आठ दिवसांनी त्या पाळण्याखाली पहिलं उत्तर आलं. हैदराबादेत क्रेन चालवणाऱ्या एका माणसानं लिहिलं होतं, "ती म्हैस आमची. ते पोर मी." इवायांनी ते फोनवरून वाचून दाखवलं, आणि ही किती दिवसांनी पोट धरून हसली. म्हणाली, त्याला म्हनावं म्हैस लई मारकी होती, तू गरीब हुतास. इवायांनी तसंच्या तसं लिहिलं. पुढं ते गुरुवारची वाट न बघता यायला लागले, पहिल्या गाडीनं. रोज एक पाळणा वर जायचा, रोज कुणाचं तरी उत्तर यायचं. कुणी पुण्यातून, कुणी परभणीहून. एका पोरीनं लिहिलं, माझ्या आईच्या घराची चतुःसीमा वाचली, ते घर आता राहिलं नाही, पण हापसा आठवला. हिला सगळं वाचून दाखवायचं. ती सांगायची, इवाई लिहायचे. वही संपली आणि दिवाळीच्या आधी आमची ही गेली. तिनं बघितलं. एवढं मात्र झालं, आणि ते इवायांनी केलं.

तेव्हापासून सुद्धा ते येतात. ती जागा ते अशी जपतात की काय सांगू. गिरणी बंद पडली तर जिथं जिथं पश्चिमेस गिरणी होती तिथं तिथं जाऊन "सध्या बंद" लिहून आले. एका गणेशचं नाव चुकलं होतं तर त्याच्या आईला फोन करून दुरुस्ती केली, माझी पुन्हा सही घेतली. मला त्यांनी लॅपटॉप चालवायला शिकवलं, तर मी एकदा अक्षर अक्षर लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून काढलं. दोन दिवस लागले. आणि माझ्या ध्यानात आलं की सगळी नोंद आहे, पण ती गेली हे कुठंच लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटावं बाई आत भाजी निवडत बसल्यात.

मी विचारलं नाही. पण मागच्या महिन्यात देगलूरहून एका बाईचं उत्तर आलं. माझ्या लेकीला मुलगी झाली, तिच्यासाठी बाईंनी एक पाळणा करावा, आम्ही येऊन भेटून जाऊ. इवाई ते वाचून तसेच बसले. मी म्हटलं, लिहा की, बाई गेल्या म्हणून. त्यांनी बटणांवर बोटं ठेवली आणि पुन्हा उचलली. मग म्हणाले, "मोजणी सुटल्यावर शेवटची दहा वर्षं ऑफिसात बसून मयत मालकांच्याच नोंदी घातल्या, इवाई. एका ओळीचं काम असतं. ही ओळ माझ्याच्यानं होईना."

मग लॅपटॉप मी माझ्याकडं ओढला. एका बोटानं लिहायला लागलो. "बाई गेल्या. दिवाळीच्या आदुगर." एवढ्याला अर्धा तास गेला. इवायांनी एक चूक काढली नाही. आणि मग कशानं कोण जाणे, पुढं लिहून गेलो, "लेकराचं नाव कळवा."

उत्तर आलं. नाव गोदावरी ठेवलंय, पणजीचं. बारसं होऊन गेलं, पण सावकाश द्या, घाई नाही.

दोन गुरुवार झाले, आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर बसतो. चाल मला येते, चाळीस वर्षं कानावर पडली. शब्द येत नाहीत. इवायांना शब्द येतात, चाल येत नाही. वहीत "पहिल्या दिवशी" एवढंच लिहून झालंय. पहिल्या दिवशी त्या लेकराच्या घरी काय झालं ते आम्हाला काय ठाऊक? हिला कसं ठाऊक असायचं ते मला आता उमगतं. बारा दिवस ती बाळंतिणीजवळ जाऊन बसायची, काही विचारायची नाही, लंगोट्यांच्या घड्या घालत राहायची, आणि घर आपणच तिच्याशी बोलायला लागायचं. काल इवाई म्हणाले, देगलूरला जाऊन बसावं लागंल. मी हो म्हटलं. घड्या घालायला मी तिच्या आजारपणात शिकलोय. तेवढं तर जमेल.